आढावांचे अर्धे घर आणि नाताळचे पाहुणे

मी, श्यामकांत त्रिंबक वाळिंबे, वय अडुसष्ट, कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त, राहणार अंबरनाथ पश्चिम, हे लिहायला बसलो तेव्हा माझा सकाळचा चहा झालेला होता, डोके शांत होते आणि पाठीमागे कोणी उभे नव्हते. मला कोणी धाक घातलेला नाही, लालूच दाखवलेली नाही. माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते मी माझ्या हाताने, माझ्या अक्षरात लिहून ठेवतो आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाले तर ते खोटे समजावे.

माझे चित्त थाऱ्यावर आहे. हे वाक्य इतर लोक रिवाज म्हणून लिहितात. मला ते डॉक्टरांकडून तपासून घ्यावे लागले, कारण माझा मुलगा बाळ याचे म्हणणे आहे की बाबा नाताळात मेलेल्या माणसांशी बोलतात. त्याबद्दल कलम ६ मध्ये सविस्तर लिहिले आहे. ते कलम गाळा, असे माझे वकील चि. जयदेव यांनी दोनदा सांगितले. मी गाळत नाही. उद्या कोर्टात नेमके तेच निघणार असेल, तर ते माझ्या तोंडून आधी निघालेले बरे.

कलम १. माझी माणसे.

पत्नी नीलिमा १९९० साली वारली. मुलगी पद्मजा नाशिकला सुखात आहे. मुलगा जयंत ऊर्फ बाळ, बायको व एका मुलीसह बदलापूरला बेलवलीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. भिंतीपलीकडे, पण एकाच छपराखाली, रूथ शांतवन आढाव राहते. वय सव्वीस, शाळेत शिक्षिका. ती मला काका म्हणते. कायद्याने ती माझी कोणी नाही, आणि म्हणूनच हे सगळे लिहावे लागत आहे.

कलम २. घराचे वर्णन.

कौलारू जोडघर, बैठे. दोन्हीकडे दोन-दोन खोल्या, मध्ये एक सामाईक भिंत, पुढे दोघांची मिळून एक पडवी, आणि पडवीपुढे अंगण. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस विहीर, दक्षिणेस मोकळी जागा. उत्तरेस शेजाऱ्याची भिंत, जी आमच्या हद्दीत वीतभर आलेली आहे. ती वीत मी त्याला माफ केलेली नाही, पण वारसांनी त्यासाठी भांडू नये.

खरेदीखत १९७९ चे असून ते माझ्या एकट्याच्या नावावर आहे. ते खोटे नाही, पण खरेही नाही. जागा मी आणि शांतवन आढाव, आम्ही दोघांनी मिळून घेतली. अर्धा पैसा त्याचा. शांतवन आमच्या कारखान्यात पॅटर्नमेकर होता, म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे नमुने करणारा. मी कागदावर रेघा काढायचो, तो त्याच रेघांना सागवानात जन्माला घालायचा. अशी आमची ओळख.

जागेचा मालक पान लावत बसला होता. "नावं सांगा," म्हणाला. मी माझे सांगितले. शांतवनने त्याचे सांगितले. मालकाचे चुन्याचे बोट थांबले.

"आढाव म्हणजे आपलेच की. पण हे शांतवन?"

"नगरकडचे ख्रिस्ती आम्ही."

"असं, असं. नाही, माणसं चांगलीच असतात हो. पण खरेदीखतात एकच नाव असलं म्हणजे पुढे कटकट नसते."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, दुसरी जागा बघू. शांतवन हसला. "वाळिंबे, विहिरीला पाणी आहे, स्टेशन जवळ आहे. नाव तुमचं घाला. भिंती मी बांधतो." आणि त्याने खरोखरच रजा काढून गवंड्याबरोबर उभे राहून मधली भिंत बांधली.

नंतर नाव चढवून घ्यायला कोणी अडवले नव्हते. पण तो विषय काढायचा कोणी? त्याने काढला तर त्याचा माझ्यावर विश्वास नाही असे व्हायचे. मी काढला तर अंगणात रेघ ओढल्यासारखे व्हायचे. दरवर्षी आम्ही दोघेही म्हणायचो, एकदा नाताळ होऊन जाऊ दे, मग रजिस्ट्रार कचेरीत जाऊ. नाताळ व्हायचा, आणि मग संक्रांत यायची. सभ्य माणसांची कामे अशीच राहतात.

कलम ३. घराची वाटणी.

सबब, सामाईक भिंतीच्या दक्षिणेकडील दोन खोल्या, पुढची अर्धी पडवी व अर्धे अंगण कु. रूथ शांतवन आढाव हिचे आहे व माझ्या पश्चात कागदोपत्रीही तिचेच व्हावे. मी तिला काही देत नाही. जे तिच्या बापाचे होते त्यावरून माझे नाव उचलतो आहे. घर माझे स्वकष्टाचे आहे, वडिलोपार्जित नाही, त्यामुळे हे मला करता येते.

हयातीतच बक्षीसपत्र करावे असे जयदेव म्हणाला होता. रूथने सही करायला नकार दिला. "बाळदादा हो म्हणेपर्यंत मी कुठेही सही करणार नाही, काका." मृत्युपत्राला घेणाऱ्याची सही लागत नाही, म्हणून हा मार्ग.

उत्तरेकडील भाग, जिथे मी राहतो, तो बाळचा.

कलम ४. असे का, हे सांगणारे कलम.

बाळ म्हणेल, शेजाऱ्यासाठी बाबांनी पोटच्या मुलाचे नुकसान केले. नुकसान होते आहे, हे खरे आहे. त्याने एक बिल्डर आणला आहे. पूर्ण जागा असेल तर चार मजली इमारत होते आणि बाळला मोठा फ्लॅट मिळतो. अर्ध्या जागेवर काहीच होत नाही. बेलवलीच्या दोन खोल्यांत नळाला पाणी एक दिवसाआड येते, आणि माझी नात न्हाणीघराच्या पायरीवर बसून अभ्यास करते. हे मला दिसत नाही असे त्याने समजू नये.

पण बाळने थोडे आठवावे.

आमच्या अंगणात दिवाळीला किल्ला व्हायचा. बाळ किल्लेदार. विहिरीकडची लाल माती, बुरूज, भुयार, पोटाशी एक गुहा, उतारावर अळीव पेरलेले. पहिल्या वर्षी, म्हणजे १९८० साली, डिसेंबर उजाडला तरी तो तसाच पडून होता. करुणावहिनींना, शांतवनच्या बायकोला, नाताळासाठी येशूबाळाचा गोठा मांडायचा होता आणि अंगणात तेवढीच सपाट जागा होती. शांतवनने फावडे आणले. नीलिमा पदर खोचत बाहेर आली.

"अहो भावजी, केलेलं मोडू नका. गुहा आहे ना त्यात. तुमच्या बाळाला पुरेल."

वहिनी म्हणाल्या, "आणि वर ते तलवारवाले?"

"ते राखण करतील. थंडीत राखणीला कोणीतरी हवंच."

अशा तऱ्हेने आमचा किल्ला बेथलेहेम झाला आणि पुढे दरवर्षी होत गेला. शांतवनने सागाच्या तुकड्यातून बोटाएवढे बाळ कोरले. मातीच्या गवळणी तशाच राहिल्या. गाईगुरे आमच्याकडे होतीच. तीन ज्ञानी पुरुष मात्र बाजारात मिळेनात. तेव्हा एक वासुदेव, एक पखालवाला आणि एक बँडवाला असे तिघे पूर्वेकडून निघाले. वहिनी दर डिसेंबरात अळीव नव्याने पेरायच्या. "आमच्या बेथलेहेमला दुसरं पीक निघतं," म्हणायच्या.

पण बाळ किल्ला फुकट सोडत नसे. चोवीस तारखेला दुपारी तह व्हायचा. दहा वर्षांची रूथ ताटलीवर रुमाल झाकून वकील म्हणून यायची. किल्लेदार पायरीवर, मांडीवर पुठ्ठ्याची तलवार.

"किल्ला हवा असेल तर काय देता?"

"दोन करंज्या."

"सहा."

"चार. आणि एक नानकटाई."

"मावळे खाली उतरणार नाहीत."

"नका उतरू. आम्ही त्यांना मेंढपाळ म्हणू."

"म्हणा. पण भुयार आमच्याकडे."

"भुयार तुमच्याकडे, गुहा आमच्याकडे," असे म्हणून रूथ ताटली पुढे करायची आणि बाळ उठून बाजूला व्हायचा. संपूर्ण किल्ला हातात असताना तो अर्धा द्यायचा. त्याचे वय तेव्हा तेरा होते. मला आता त्याच्याकडे तेवढेच मागायचे आहे.

बाकीचे नाताळ मी इथे लिहीत बसलो तर मुद्रांकाचा कागद पुरणार नाही. तरी थोडे लिहितो, कारण माझ्याजवळ दुसरी जंगम मालमत्ता फारशी नाही.

उल्हासनगरचे लालचंद होतवानी, ज्यांचे कॅम्प तीनमध्ये शोभेच्या सामानाचे दुकान आहे, ते दर नाताळाला मोठी चांदणी घेऊन यायचे. शांतवन चांदणीला हात लावून बघायचा. "लालचंदशेठ, हा दिवाळीचा कंदील आहे. उलटा करून आणलात."

"साईं, माल एकच आहे. दिवाळीत कंदील बोलतो, नाताळात स्टार बोलतो. आतला बल्ब काय विचारतो काय, मी हिंदू का किरिस्ताव?"

मी त्यावर चार ओळी रचल्या होत्या. शाळेत असताना आम्हांला कविता चालीवर पाठ करून घेत, आणि मला गणित येत नसले तरी वृत्ते यायची. त्यातल्या दोन ओळी नोंदवून ठेवतो:

दिवाळीचा उरे कंदील, त्याची चांदणी झाली
तुझी माझी जुनी माती, नव्याने गोठडी झाली

वियद्गंगा वृत्त आहे. वहिनींनी पेटीवर बसून ते लगेच उचलले आणि म्हणाल्या, "अहो, आमच्या उपासना-संगीताच्या पुस्तकात याच चालीचं एक गीत आहे." मग निम्मी मंडळी माझ्या ओळी म्हणत होती, निम्मी ते गीत, चाल एकच, आणि कोणाचे कुठे चुकते आहे ते कळत नव्हते. नीलिमाचे चुकत होते हे कळायचे. ती दुसरी ओळ नेहमी वरच्या पट्टीत उचलायची आणि मग मध्येच थांबून हसायची. वाळूच्या शेगडीवर केक चढलेला असायचा आणि त्याचा वास पार रस्त्यापर्यंत जायचा. ड्रॉइंग ऑफिसातल्या ज्या वरिष्ठाने शांतवनला एका वर्षी पंचवीसची रजा नाकारली होती, तोही एकदा त्या वासाने आत आला. शांतवनने त्याला पहिला तुकडा दिला. मी दिला नसता.

एकच माणूस कधी आला नाही: माझे थोरले बंधू, कै. अण्णा. ते ठाण्याहून पत्र पाठवायचे. "तुझ्या घरी अंड्याचा केक शिजतो असे ऐकतो. कळावे." एवढेच पत्र. दरवर्षी. शांतवन ते वाचून म्हणायचा, "अण्णांना केक आवडत असणार. नाहीतर इतकी आठवण कोण ठेवतं?"

शांतवन १९८८ च्या पावसाळ्यात गेला. नीलिमा त्यानंतर दोन वर्षांनी. मग अण्णा. वहिनी १९९३ च्या ऑक्टोबरात गेल्या, आणि त्या वर्षी दिवाळीला अंगणात किल्ला झाला नाही.

कलम ५. इतर चीजवस्तू.

(अ) शांतवनच्या पटाश्या, रंधे व गुण्या माझ्या माळ्यावर आहेत. वहिनींनी त्या मला दिल्या होत्या. त्या रूथच्या आहेत. तिने त्या वापराव्यात अशी अपेक्षा नाही, पण विकायच्या झाल्या तर ज्याला धार लावता येते अशालाच विकाव्यात.

(आ) माझी कंपासपेटी आणि टी-स्क्वेअर नातीला.

(इ) शालेय कवितांची माझी पुस्तके पद्मजाला. तिला कविता आवडत नाहीत. तिचे लग्न झाले तेव्हा तिने मला सांगितले होते, "बाबा, तुम्ही प्रत्येक निरोपाला कविता म्हणता, मग रडायचं राहून जातं." पुस्तके तिलाच.

(ई) बँकेतले जे असेल ते बाळ व पद्मजा यांनी समान घ्यावे. माझ्या दिवसकार्यावर त्यातले जास्त काढू नये.

(उ) वेताच्या चार खुर्च्या, ज्या पडवीत असायच्या, त्यांबद्दल कलम ६ व ९ पाहावे.

कलम ६. माझ्या चित्ताबद्दल.

जे घडते ते मी जसेच्या तसे लिहितो. त्याला काय नाव द्यायचे ते वाचणाऱ्याने ठरवावे.

चोवीस डिसेंबरला रूथ संध्याकाळच्या उपासनेला देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाते. तिच्या बाजूचे दार बंद असते. दिवेलागणीला मी पडवीचे दार उघडे ठेवून चार खुर्च्या मांडतो आणि चार कप चहा ठेवतो. १९९३ साली पहिल्यांदा ठेवले ते केवळ सवयीने. मी पायरीवर बसलो होतो. तेवढ्यात दाराची कडी वाजली. दार तर उघडे होते. मग खोकला ऐकू आला, अण्णांचा. जन्मात जे आमच्या नाताळाला आले नाहीत, ते सगळ्यांत आधी आले. मला कोणी दिसले नाही. कधीच दिसत नाही. माणूस टेकले की वेताची वीण करकरते, तशी पहिली खुर्ची करकरली. मग दुसरी. भिंतीपलीकडे बंद खोलीत पेटीचा भाता एकदा फुगला आणि सूर न लागता बसला. चौथ्या खुर्चीचा आवाज आला नाही, कारण नीलिमा पाहुणे असताना बसतच नसे. स्वयंपाकघरात बशा हलल्या.

मी घाबरलो नाही. मला बरे वाटले, हे लिहिताना मला लाज वाटत नाही. मी माझ्या ओळी म्हटल्या. दुसऱ्या ओळीला कोणीतरी वरच्या पट्टीत उचलले आणि थांबले.

पुढच्या वर्षीही तसेच झाले. गेल्या वर्षी मात्र शांतवन बोलला. मोठ्याने नाही, कामात असताना मान वर न करता बोलायचा, तसा.

"वाळिंबे, त्या खरेदीखताचं काय झालं?"

हयातीत त्याने हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. मी म्हणालो, "एकदा नाताळ होऊन जाऊ दे." चहा तसाच थंड झाला.

ते शेवटचे वाक्य बाळने ऐकले. तो मला न्यायला आला होता, फाटकात उभा होता. चार कप, रिकाम्या खुर्च्या, आणि बाप कोणाला तरी नाताळचा वायदा करतो आहे. त्याच्या जागी मी असतो तर मीही घाबरलो असतो. तो आत येऊन माझ्याजवळ बसला. चौथ्या खुर्चीवर, आईच्या.

"बाबा, कोणाशी बोलताय?"

मी सांगितले. त्याने माझा हात धरला. वर्षभर तो चांगलाच वागला. पण यंदा बिल्डरचा विषय निघाला आणि मी अर्धे घर रूथचे आहे म्हणालो, तेव्हा त्याचा आवाज चढला.

"बाबा, रूथला काय मी रस्त्यावर काढतोय का? तिला आपण एक रूम देऊ की बिल्डिंगमध्ये."

"त्यातलं आपलं काय आहे द्यायला?"

"कागदावर सगळं आपलंच आहे. तुम्ही जरा प्रॅक्टिकल व्हा ना. शांतवनकाकांनी सांगितलं म्हणून तुम्ही घर वाटणार? उद्या मी कोर्टात सांगितलं की बाबांना आवाज ऐकू येतात, तर हे सगळं रद्दी होईल. मला तसं करायला लावू नका, एवढंच."

तो शेवटी असे म्हणाला, हे मी मुद्दाम नोंदवतो. तो वाईट मुलगा नाही.

म्हणून मी डॉक्टर पानसे यांच्याकडे गेलो. त्यांनी वार, तारीख, शंभरातून सात वजा करत जाणे, असे सगळे विचारले. पंतप्रधानांचे नाव विचारले. मी म्हटले, यंदा ते इतक्यांदा बदलले आहेत की आजचे सांगू की उन्हाळ्यातले, ते आधी सांगा. त्यांनी तिथे बरोबरची खूण केली. मग म्हणाले, "ती माणसं तुम्हांला दिसतात?"

"नाही."

"ऐकू येतात?"

"डॉक्टर, भाद्रपदात तुमच्या घरी वडिलांचं पान मांडतात. कावळा शिवेपर्यंत घरातलं कोणी जेवत नाही. कावळा येईना तर तुम्ही गच्चीत हात जोडून म्हणता, बाबा, तुमच्या मनासारखं करू. म्हणता की नाही?"

"म्हणतो."

"त्यावरून तुमची सही कोणी अडवली का कधी? मी पान नाही, चहा मांडतो. भाद्रपदात नाही, डिसेंबरात. आणि कावळ्याऐवजी खुर्ची वाजते. फरक एवढाच."

डॉक्टरांनी लेटरहेड पुढे ओढले. नंतर त्यांनी दाखला लिहिला. तो सोबत जोडला आहे. साक्षीदार म्हणून सही करायलाही ते तयार झाले.

दुसरे साक्षीदार लालचंदशेठ. त्यांना मी आधीच विचारले, उद्या कोर्टात उभे राहावे लागेल, लोक म्हणतील वेड्याच्या कागदावर सही केली. ते म्हणाले, "साईं, माझी आई फाळणीत सिंधमधलं घर सोडून आली. मरेपर्यंत रोज संध्याकाळी त्याच घराच्या ओट्यावर पाणी मारायची, इथे कॅम्पात बसून. हातात लोटा पण नसायचा. तिला आम्ही कधी येडी नाही बोललो. तू मराठीत लिही, मी सिंधीत सही मारतो."

कलम ७. रद्द केलेली अट.

कच्च्या मसुद्यात मी अशी अट घातली होती की माझ्या पश्चात रूथने दर चोवीस डिसेंबरला पडवीचे दार उघडे ठेवून चार खुर्च्या मांडाव्यात. न मांडल्यास घरावरचा तिचा हक्क जाईल, असेही लिहिले होते. मला वाटले होते, मी गेल्यावर ही माणसे येतील आणि दार बंद असेल. किंवा घरच नसेल, चार मजले असतील, आणि शांतवन जिन्यात उभा राहून पाट्या वाचत बसेल.

मी मसुदा रूथला वाचून दाखवला. ती वह्या तपासत होती. लाल पेन बाजूला ठेवून ऐकले.

"काका, घर नको मला असलं."

"का ग?"

"आमच्यात मेलेली माणसं परत येत नाहीत. ती झोपतात. प्रभू उठवील तेव्हा उठतील. पपा-मम्मीला मी मातीत ठेवून आले ते याच विश्वासानं. तुम्ही त्यांना दरवर्षी चहाला उठवता."

"मी बोलावत नाही, पोरी. ते येतात."

"तुम्ही खुर्च्या मांडता." मग तिचा आवाज खाली आला. "तीन वर्षं मी देवळातून मुद्दाम उशिरा येते. मलाही भिंतीतून पेटी ऐकू यायला लागेल, या भीतीनं. मला एकदा आली, काका. मी दार उघडलं नाही. तुम्हांला माहीत आहे का, मम्मी पेटी वाजवत असताना दार न उघडणं काय असतं?"

मला माहीत नव्हते. मी इतकी वर्षे दार उघडूनच बसलो होतो.

"आणि बाळदादाला तुम्ही पुरावा देताय," ती म्हणाली. "पुन्हा यंदा चार कप मांडलेत, की तो पाहणार. मग डॉक्टरांचा कागद काय करील? घर वाचवायचं असेल तर ह्यांना झोपू द्या. ह्यांना ठेवायचं असेल तर मग घर बाळदादाकडेच जाईल, माझ्याकडे नाही."

ती अट मी रद्द केली आहे. रूथवर कसलीही अट नाही. तिने दार उघडे ठेवावे, बंद ठेवावे, अंगणात फरशी घालावी, घर विकावे, लग्न करून निघून जावे. बाळने व तिने आपसांत तह करून दोन्ही अर्धी एकत्र बिल्डरला दिली, तरी माझी हरकत नाही. मात्र तिच्या अर्ध्याची किंमत तिने ठरवावी.

कलम ८. व्यवस्था पाहणारे.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम वकील चि. जयदेव यांनी करावे. बाळने दावा लावल्यास त्याच्याशी कठोरपणे वागू नये. त्याला पडवीत बसवून कलम ४ वाचून दाखवावे. तेवढ्याने झाले नाही तर मग कोर्ट.

कलम ९. हे कलम वारसांसाठी नाही.

यालाही जयदेवने हरकत घेतली. म्हणाला, "काका, मृत व्यक्तीला मृत्युपत्रानं काही देता येत नाही." मी म्हटले, देत नाही, नोटीस देतो आहे.

श्री. शांतवन यशोदास आढाव, सौ. करुणा शांतवन आढाव, श्री. वामन त्रिंबक वाळिंबे ऊर्फ अण्णा, सौ. नीलिमा श्यामकांत वाळिंबे, यांस:

खरेदीखताचे काम आज पुरे झाले आहे. शांतवन, तुझा अर्धा भाग रूथच्या नावे लिहिला. उशीर झाला, पण झाले. अण्णा, केकमध्ये अंडे असायचे; आता त्याबद्दल काही लपवायचे नाही. वहिनी, तुमची लेक तुम्हांला ओळखते आणि म्हणूनच दार उघडत नाही, तिच्यावर रागावू नका. तिच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही झोपणे योग्य आहे. या बाबतीत तिचे मत माझ्या मतापेक्षा जास्त ग्राह्य धरतो, कारण पुढे भिंतीपलीकडे एकटीने राहायचे आहे ते तिला.

उद्या चोवीस आहे. खुर्च्या आज सकाळीच आत घेतल्या. त्यातल्या दोन बाळ घेऊन गेला, दोन रूथने नेल्या. दिवेलागणीला मी दार लावून घेईन आणि दिवा मालवून आतल्या खोलीत बसेन. कडी वाजली तरी उठणार नाही. स्वयंपाकघरात काही हलले तरी बघायला जाणार नाही. कविता म्हणणार नाही, कारण मी पहिली ओळ म्हटली की दुसरी उचलायला कोणीतरी येते.

येणे बंद करावे, ही विनंती. ही विनंती चौघांनाही आहे. त्यात नीलिमा हिचाही समावेश आहे, हे मी पूर्ण शुद्धीवर राहून, स्पष्ट लिहून देतो.

लिहून ठेवणार:
श्यामकांत त्रिंबक वाळिंबे (सही)

वाळिंबे यांनी वरील मजकूर आम्हांला मोठ्याने वाचून दाखवला व आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. शेवटचे कलम वाचताना ते मध्ये थांबले होते, पण त्यांनी ते पूर्ण वाचले.

साक्षीदार:
१. डॉ. मधुसूदन पानसे, अंबरनाथ पश्चिम (सही)
२. लालचंद होतवानी, उल्हासनगर, कॅम्प ३ (सही, सिंधीत)

स्थळ: अंबरनाथ पश्चिम
सोमवार, दि. २३ डिसेंबर १९९६